बाहेरच्या बॉयलरचा पाइप: दुसऱ्या हिवाळ्यानंतर

घराबाहेर लाकडावर पाणी तापवून घर गरम ठेवणाऱ्या माझ्या बॉयलरबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बॉयलरपासून घरापर्यंत जमिनीखालून येणाऱ्या पाइपची. पहिला पाइप स्वस्तातला होता: गरम पाण्याच्या दोन पेक्स (प्लास्टिकच्या) नळ्या, एक जाण्याची, एक परतीची, भोवती चंदेरी बबल फॉइल, वर काळं कोरुगेटेड (नालीदार) आवरण. पहिला हिवाळा निभावला. दुसऱ्यात लाकूड भराभर संपायला लागलं आणि बर्फ पडला की नेमका चरावरचाच वितळून जायचा. विकत घेतलेल्या लाकडावर मी माती तापवत होतो!

विक्रेता म्हणाला, पंप लहान पडतोय. मग दोन्ही टोकांना थर्मामीटर बांधले. मिनिटाला ३० लिटर पाणी वाहत असेल, तर १ अंश घट म्हणजे सुमारे २.१ किलोवॅट, दिवसाला ५० युनिट. माझे ३ अंश जात होते, तेही फक्त जातानाच्या नळीत. मोठ्या पंपाने आकडा लहान दिसला असता, उष्णता तेवढीच गेली असती.

चर उकरला तर आवरणात पाणी साचलेलं. घराकडचं टोक नुसतं टेपने गुंडाळलेलं, तिथून ते शिरलं. उष्णता अडवायला वापरतात त्या पॉलियुरेथेन फोमच्या तुलनेत पाणी वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, मग फॉइल काय करणार?

आता फोम भरलेला पाइप टाकलाय. टाकताना जीव नकोसा झाला. वळत नाही, गुंडाळी सोडली की उसळते, थंडीत तर हट्टच धरते. हा कुणाला सुचवायचा नाही, असं तेव्हा ठरवलं होतं. ते मत मागे घेतो. घट आता अर्धा अंशही नाही आणि चरावर बर्फ टिकतो.

राग मात्र टोकाच्या रबरी टोपीवर कायम आहे. एवढा महागडा पाइप, आणि पाणी अडवणारी टोपी वेगळी विकत घ्यायची, "हवी असेल तर"? ती हवीच. टोपीवरची पट्टी घट्ट आवळा आणि पाइपचं टोक जमिनीच्या वर येऊ द्या, साचलेल्या पाण्यात नको.

नळी घेताना आतला व्यास विचारा. १ इंची पेक्स आतून जेमतेम २२ मिमी असते. ऑक्सिजन रोखणारा थर असलेलीच घ्या, नाहीतर लोखंडी भाग गंजतात. आणि जमिनीखाली एकही जोड नको. लांबी कमी पडत असेल तर दुकानातूनच लांब तुकडा कापून आणा.