घरपोच रिफ्लेक्सॉलॉजी: आराम मिळतो, दुधाची हमी मात्र पटत नाही

माझे बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मले आणि ते एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना पंपाने काढलेले दूध बाटलीचा तळही जेमतेम झाकत होते. त्या दिवसांत पुण्यात घरी येऊन पायांची रिफ्लेक्सॉलॉजी (तळव्याचा एकेक भाग शरीरातल्या एकेका अवयवाशी जोडलेला आहे असे मानून तिथे दाब देण्याची पद्धत) करणाऱ्या एका सेवेची मी काही सत्रे घेतली, कारण तिच्या पत्रकात दूध हमखास वाढते असे छापले होते.

सेवेचा दर्जा चांगला आहे. थेरपिस्ट ताई वेळेवर येत, आणि रक्तदाब, सिझेरियनचे टाके, पायांवरची सूज यांची चौकशी केल्याशिवाय त्यांनी पायाला हात लावला नाही. एकाच पोटरीत दुखते का, हेही त्यांनी विचारले. बाळंतपणानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि तशी शंका असताना पाय चोळणे घातक ठरू शकते, म्हणून हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. अंगठ्याचा दाब संथ आणि नेमका होता. पत्रकात या पद्धतीला प्राचीन भारतीय परंपरा म्हटले आहे, मात्र तळव्यावरचा अवयवांचा हा नकाशा 1930 च्या दशकात अमेरिकेत युनिस इंगहॅम यांनी मांडला. आपल्या बाळंतिणीच्या तेल-मालिशीशी त्याचा संबंध नाही.

सत्रानंतर मला गाढ झोप लागे आणि पुढच्या वेळी पान्हा लवकर फुटे. यात नवल नाही, कारण पान्हा फुटण्यासाठी लागणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ताण, वेदना आणि काळजी यांमुळे अडते. परंतु दूध मुळात किती तयार होणार हे प्रामुख्याने स्तन किती वेळा आणि किती पूर्ण रिकामे होतात यावर ठरते, आणि म्हणूनच कमी दिवसांच्या बाळाच्या आईला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध काढण्यास सांगतात. रिफ्लेक्सॉलॉजीमुळे दूध वाढते का, यावरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, शिवाय आपल्याला उपचार मिळाला की नाही हे आईपासून लपवता येत नाही. माझे दूध वाढले हे खरे, पण त्याच सुमारास दोन्ही बाजूंनी एकदम दूध काढणारा पंप भाड्याने आणला होता, स्तनपान सल्लागारांनी पंपाच्या फनेलचे (स्तनावर बसणाऱ्या भागाचे) माप बदलून दिले होते आणि कांगारू मदर केअर (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे) सुरू झाली होती. सगळे श्रेय तळव्यांना कसे द्यावे?

दोन गोष्टी खटकल्या. सत्रानंतर दूध "साठू द्या", दोन-तीन तास पंप लावू नका, असा सल्ला मिळाला, जो सरळ चुकीचा आहे, कारण साठून राहिलेले दूध पुढची निर्मिती मंदावते. दुसरे म्हणजे, पहिल्याच भेटीत दहा सत्रांचे पॅकेज घेण्याचा आग्रह झाला.

हाती मोजके पैसे असतील तर ते आधी चांगल्या पंपाच्या भाड्यावर आणि सल्लागारावर खर्च करावेत. त्यानंतरही ऐपत असेल, तर या ताईंना एकेका सत्रासाठी, दुपारचे दूध काढून झाल्यावर जरूर बोलवावे.