जुनी जीप वायरिंगला देताय? आधी डॅशबोर्डच्या मागे हात घालून बघा

जुन्या जीपचा डॅशबोर्ड 'एकदम ओरिजिनल करून देतो' म्हणणारा एक गॅरेजवाला सध्या नाशिकमध्ये जोरात आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगाकडे गेली आहे. पण त्याची पद्धत सांगतो. ती काही त्याची एकट्याची नाही.

माझी जीप महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल. तिच्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा, वर हेडमध्ये असतात, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यावर झाकण घालायला बॉनेटही उंच करावं लागलं. काहींना ती बेढब वाटते. त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. गाडीतले मीटर चालत होते. त्रास वायरिंगचा होता: सुती वेष्टणाच्या वायरीला हात लावला की चुरा हातात यायचा. काम एवढंच होतं, की हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, नवा टाकायचा.

गाडी बघताच त्याने विषय डॅशबोर्डवर आणि व्हीए नंबरवर, म्हणजे व्हिंटेज गाड्यांच्या खास नंबरवर, नेला. "साहेब, व्हीए नंबर घ्यायचा असेल तर मीटर पण सेटमधले लागतील, नाहीतर आरटीओत पास होणार नाही." हे साफ खोटं आहे. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी, मोठे फेरफार झालेले नकोत असं आहे. त्या फेरफारांत नावं घेतली आहेत ती चासी, बॉडी शेल आणि इंजिनाची. मीटरचा सेट कुठेच नाही. शिवाय त्या नंबरसाठी २०,००० रुपये भरले तरी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. मी त्याला म्हटलं, मीटर आहेत तेच राहू दे, फक्त पुसून काच बदल. तो हो म्हणाला.

गाडी परत आली तेव्हा डॅशबोर्ड खरंच देखणा दिसत होता. काळा रंग, चकचकीत रिंगा, किल्ली फिरवली की काटे हलतात. इथेच माणूस फसतो, कारण डॅशबोर्ड आपण नेहमी समोरून बघतो.

पहिला झटका त्र्यंबक रोडवर बसला. पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या पुढे होता आणि गाडी फुरफुरून बंद पडली. टाकी कोरडी. नंतर लक्षात आलं, की टाकी भरल्यावर हाच काटा खाली पडतो आणि पेट्रोल संपत जाईल तसा वर सरकतो! नाशिकरोडच्या एका जुन्या वायरमनकाकांकडे गाडी नेली. त्यांनी टाकीतल्या फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणाऱ्या भागाची, वायर काढली, मल्टिमीटर लावला आणि हसायलाच लागले. "भाऊ, फ्लोट जीपचा, मीटर कुणाचं लावलंय?"

कारण सोपं आहे. फ्लोट वर-खाली होतो तसा त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो आणि मीटर तोच वाचतं. सीजे जातीच्या जीपचा फ्लोट रिकाम्या टाकीला साधारण ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला १० दाखवतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या मीटरचं उलट असतं: १० म्हणजे रिकामी, १८० म्हणजे भरलेली. ही जोडी जमली की मीटर बिघडलेलं नसतानाही खोटं बोलतं. काटा मात्र हलत राहतो.

काकांनी मग डॅशबोर्ड पूर्ण सोडवला. तापमानाचं मीटर ट्रॅक्टरचं, त्याचा सेन्सर तिसऱ्याच गाडीचा. ऑइलच्या मीटरला मूळची तांब्याची बारीक नळी होती, इंजिनातलं तेल थेट मीटरपर्यंत दाबाने यायचं. ती नळी गायब, तिचं टोक इंजिनाजवळ बोल्ट ठोकून बंद केलेलं. जागेवर ६ व्होल्टच्या जमान्यातलं विजेचं मीटर. महायुद्धातल्या विलीज जीप ६ व्होल्टवर चालायच्या, माझी १२ वर चालते. असं मीटर जास्त व्होल्टवर थोडे दिवस चालल्यासारखं दिसतं आणि मग जळतं.

सगळ्यात भयंकर ॲमीटर, म्हणजे बॅटरीत करंट जातोय की बाहेर पडतोय हे दाखवणारं मीटर. जुन्या जीपमध्ये स्टार्टर सोडला तर गाडीचा जवळजवळ सगळा करंट ॲमीटरमधून जातो. या पठ्ठ्याने दोन्ही जाड वायरी एकाच बोल्टवर कसल्या होत्या. काटा कायम शून्यावर. मला सांगितलं होतं, "शून्यावर म्हणजे बॅटरी फुल आहे." अल्टरनेटर चार्ज करतोय की नाही हे कळायचा रस्ताच त्याने बंद केला. आणि मेन लाइनला फ्यूज नाही. हेडलाइट घरच्या फिटिंगच्या बारीक वायरीवर, रिले (स्विचवरचा जड करंट स्वतःवर घेणारा भाग) न लावता. ५५ वॅटचे दोन डिपर म्हणजे ९ अँपिअरच्या वर करंट, तोही सगळा डॅशबोर्डवरच्या स्विचमधून. स्विचच्या मागचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं. कसारा घाटात रात्री हे पेटलं असतं तर? काकांनी हा प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं नाही. वायरी तर सगळ्या लाल! दुसऱ्या कुणाला माग काढता येऊ नये, एवढंच त्यामागचं डोकं.

आता मूळ मीटर कुठे गेले? गाडी देण्याआधी मी डॅशबोर्डचे पुढून-मागून फोटो काढले होते, तेच आता तक्रारीला जोडले आहेत. जुन्या जीपच्या मूळ मीटरना हौशी लोक चांगली किंमत देतात. वायरिंगचं काम हे निमित्त, खरी कमाई सुट्या भागांची.

गाडी ताब्यात घेताना दहा मिनिटं द्या. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा, ॲमीटरचा काटा उणेकडे गेलाच पाहिजे. गाडी चालू करून रेज दिली की अधिककडे. पेट्रोल टाकताना काटा कुठल्या दिशेला जातो ते पंपावरच बघा. थंड इंजिनावर तापमानाचा काटा वर असेल तर तिथेच थांबा. काढलेले जुने भाग पोत्यात भरून परत मागा, आणि बिलावर प्रत्येक मीटरचं वर्णन लिहून घ्या. 'डॅशबोर्ड काम' एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका. माझ्या बिलावर त्याने तेच लिहिलं होतं, मी पेनने खाली तपशील घालायला लावला.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा आयोगात, दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मात्र २ वर्षांच्या आत जावं लागतं. नोटीस गेल्यावर गॅरेजवाला ॲमीटर परत द्यायला तयार झालाय. बाकीचे म्हणे भंगारात गेले. काचेच्या डाव्या बाजूला खाली चीर असलेलं, तांब्याच्या नळीचं ऑइल मीटर कुणी तुम्हाला विकायला आणलं, तर घेण्याआधी मला एक फोटो पाठवा.