पिनबॉलचा बोर्ड 'मेला' म्हणणाऱ्या मेकॅनिकपासून सावध राहा

शिकागो परिसरात जुनं पिनबॉल मशीन घरी ठेवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय. आमच्या बेसमेंटमधलं मशीन १९९३ सालचं. दोन्ही फ्लिपर (चेंडू उडवणारे दांडे) एकदम दाबले की डिस्प्ले विझायचा आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. फ्लिपर न दाबता दिवसभर चालू ठेवलं तर काहीच व्हायचं नाही. सगळी गोम इथेच आहे.

जाहिरातीवरून बोलावलेल्या मेकॅनिकनं मल्टिमीटर पिशवीतून बाहेरही काढला नाही. मागची पेटी उघडली, सीपीयू बोर्डावरच्या, म्हणजे मशीनच्या मेंदूवरच्या, तीन पेन्सिल सेलकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "सेल गळलेत, बोर्ड मेला." अल्कलाइन सेल गळून बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातात, हे खरंच आहे. त्या खऱ्या भीतीचाच हा माणूस धंदा करतो. 'दुरुस्त केलेला' बोर्ड बसवायचे ४५० डॉलर, तेही झेलनंच (Zelle, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय). आमचा जुना बोर्ड बदल्यात घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी मशीन पुन्हा तसंच बंद पडलं. फोन केला तर म्हणाला, "मग ट्रान्सफॉर्मर असेल, आणखी ३०० लागतील." त्यानंतर त्यानं फोन उचलणंच सोडलं.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये आयुष्य घालवलेले ओळखीतले एक काका आले. त्यांनी पॉवर बोर्डावर पाच व्होल्टचा पुरवठा मोजला. मशीन नुसतं उभं असताना ठीक होता, दोन्ही फ्लिपर दाबले की काटा खाली यायचा. पुरवठा ठरावीक पातळीखाली गेला की सीपीयू स्वतःला रीसेट करतो. म्हणजे सीपीयू त्याचं काम चोख करत होता, दोष पुरवठ्यातच होता! काकांनी भिंग धरून दाखवलं: ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या) पायाभोवती सोल्डरला बारीक गोल चीर गेली होती. शेजारचा पुरवठा स्थिर ठेवणारा १५,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटरही थकला होता. दोन्ही बदलले, मशीन ठणठणीत झालं. सुटे भाग अगदी किरकोळ किमतीत आले.

मग 'दुरुस्त' बोर्ड उलटा करून पाहिला. सेलच्या खालच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या आणि वर चकचकीत लॅकर मारलेलं होतं. चांगला बोर्ड नेऊन त्यानं सडलेला दिला होता. मला पैशांपेक्षा याचा संताप जास्त येतो, कारण असे मूळ बोर्ड आता बनत नाहीत.

पैसे मीच पाठवले म्हणून बँकेनं हात वर केले. इलिनॉयच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. १०,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, करता येतो, तोही करतोय. बोर्डावरच्या स्टिकरचा जुना फोटो होता म्हणून अदलाबदल दाखवता आली. तुमच्या मशीनच्या प्रत्येक बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढा. तुमच्यासमोर व्होल्टेज मोजल्याशिवाय कुणालाही स्क्रू काढू देऊ नका, आणि जुना भाग घराबाहेर जाऊ देऊ नका. कार्डानं पैसे घ्यायला तयार नसेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.