३,४९९ चं कॅट ट्री आणि माझे १५,०१८ रुपये

मी एका सीएच्या ऑफिसात अकरा वर्षं लोकांचे हिशोब तपासते, आणि तरी ऑनलाइन खरेदीत फसले. हे आधीच सांगून टाकते, कारण घरी, ऑफिसात आणि पोलीस चौकीत सगळ्यांनी मला हेच ऐकवून झालंय.

आमच्याकडे दोन मांजरं, बोक्या आणि ठमी. घर चौथ्या मजल्यावर, गॅलरीला जाळी, त्यामुळे दोघांचा सगळा उच्छाद घरातच. पहाटे चारला हॉल ते स्वयंपाकघर शर्यत, पडद्याला लोंबकळणं, आणि सोफा. ३२,००० चा सोफा. त्याच्या डाव्या हाताचं कापड फाडून ठमीने आतला फोम बाहेर काढलाय. ओरडून काही होत नाही, नखं घासणं ही मांजराची गरजच असते. मागच्या पायांवर उभं राहून अंग पूर्ण ताणता येईल एवढा उंच आणि न डुगडुगणारा खांब लागतो. दुकानात असं सहा फुटी खांबाचं कॅट ट्री १०,५०० ला होतं. तेच मोबाइलवर एका पेजवर ३,४९९ ला दिसलं, 'भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमधून थेट'. पुण्यातल्या पुण्यात, मग काय!

चॅटवरचा माणूस 'ताई ताई' करत होता. मांजरांची नावं विचारली, फोटो मागवले, 'ठमीला वरचा झोपाळा आवडेल बघा' म्हणाला. मी ३,४९९ पाठवले. कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाला, तिथेच फोन खाली ठेवायला हवा होता.

पाच दिवसांनी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. पार्सल मोठं आहे, इन्शुरन्सचे १,८५० भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. भरले. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे २,१६०. रोज जीएसटीची रिटर्न भरणारी बाई मी, बिल न मागता २,१६० भरले! माल रस्त्यात अडकलाय म्हटल्यावर आधीचे पैसे बुडतील ही भीती असते, ती बसते डोक्यात. परत मिळणारं डिपॉझिट कुणी वाटेत मागितलं की फोन कट करा, वाद घालत बसू नका.

आता मला खरं डाचतं ते सांगते. पेजवरचा तो फोटो. कॅट ट्री खिडकीशी, वर एक गुबगुबीत राखाडी मांजर. मी तो फोटो किमान वीस वेळा मोठा करून बघितला, दोरी कशी गुंडाळलीय, पाया रुंद आहे का. आणि खिडकीबाहेर बर्फ पडलेला होता. भोसरीत! खिडकीखाली भिंतीला लोखंडी हीटर. वीस वेळा बघून मला दोरी दिसली, बर्फ दिसला नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं, तेही दिसलं. 'पार्टनरचं खातं असेल' असं माझं मीच ठरवलं, त्याला सांगावंही लागलं नाही.

तोवर ७,५०९ गेले होते. मी भडकले, ऑर्डर रद्द करा म्हटलं. 'लगेच करतो ताई' म्हणून त्याने क्यूआर पाठवला, स्कॅन करा, पूर्ण ७,५०९ परत येतील. यूपीआयवर व्यक्ती-व्यक्तींमधल्या कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याने पैसे मागायची सोय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्याचं मी वाचलं होतं, म्हणून उलट निर्धास्त होते. त्याच वेळी बोक्याने चार्जरची वायर तोंडात धरली होती. एका हाताने त्याला ओढत दुसऱ्या हाताने मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही, हे मी सासूबाईंना दोनदा शिकवलंय. आणखी ७,५०९ गेले.

रात्री कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. ही माझी सगळ्यात मोठी चूक, कारण पैसे खात्यातून काढून घेतले जाण्याआधी कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत लावा, रडायचं नंतर.

मग बँक. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, 'मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना?' हो. 'मग आम्ही काय करणार?' चौकीत अर्ज लिहून घेतला, वाचला, आणि साहेब शेजारच्याला म्हणाले, 'मांजराच्या झाडासाठी पंधरा हजार!' दोघं हसले. चॅटच्या प्रिंट आणा म्हणाले. आणल्या, छत्तीस पानं. बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणा. त्यासाठी अर्धी रजा. मग सायबरवाल्यांकडे जा, तिथे गेले तर रक्कम लहान आहे, चौकीतच द्या. दोन्हीकडे मी त्या माणसाचा चालू नंबर देत होते, तो तेव्हाही ऑनलाइन दिसत होता! कुणी नंबर लिहूनसुद्धा घेतला नाही. चोर पकडायचा राहू द्या, निदान हसू तरी नका. चॅट रागाने डिलीट करू नका मात्र, त्या छत्तीस पानांशिवाय माझ्या हातात काहीच नव्हतं.

ह्यांनी जुन्या स्टुलाच्या पायाला बोहरी आळीतून आणलेला सुंभ गुंडाळला, २४० रुपये. बोक्या त्यावर नखं घासतो. ठमी सोफाच धरून आहे.

मागच्या आठवड्यात तोच राखाडी बोका पुन्हा दिसला. पेजचं नाव नवं, किंमत २,९९९. या वेळी फोटोतली खिडकी कापून टाकलीय.