पायांची डॉपलर: तपासणी झकास, रिपोर्टची तऱ्हा वैतागवाणी

बाबांना मधुमेह जुना. चालताना पोटरी भरून यायची, जरा थांबलं की उतरायची, म्हणून डॉक्टरांनी पायांची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतंय ते ध्वनिलहरींनी बघायची तपासणी, सांगितली. सुई नाही, किरणं नाहीत, उपाशीही राहायचं नाही. टेक्निशियन ताई एकदम शांत. जांघेपासून घोट्यापर्यंत प्रोब फिरत होता. मशीन ‘शूप-शूप’ करायला लागलं की बाबा मान वर करून स्क्रीन बघणार! मधेमधे शीर दाबूनही बघत होत्या. आत गुठळी असेल तर ती पूर्ण दबत नाही.

मग दंडाचं आणि घोट्याचं बीपी घेतलं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं, ०.९ किंवा त्याखाली आलं तर धमन्या अरुंद झाल्याचा संशय. मधुमेहात धमन्या कडक होतात, त्यामुळे हा आकडा फसवा चढाही येऊ शकतो, म्हणून नुसत्या बीपीवर भागत नाही.

प्रोब फिरवायला पायाला लावतात ते जेल मात्र गारढोण. आणि रिपोर्ट? काउंटरवरून पाकीट सरकवलं, संपलं. ‘मोनोफेजिक फ्लो’ वाचून आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय! दोन वाक्यांत सांगायला काय जात होतं? जाताना ढगळ पायजमा घाला. बाबांची घट्ट विजार उतरवण्यातच सगळ्यांचा घाम निघाला.