१९९ किलोवरून १५८ वर: साताऱ्याच्या रानवाटांवर अकरा महिने

"पावणं, गाडी हाय का म्हस?"

मेढ्याच्या पुढं, केळघरच्या अलीकडं, एका ओढ्यात माझी हिमालयन, म्हणजे रॉयल एनफिल्डची मोटरसायकल, आडवी पडली होती. पाणी जेमतेम घोट्याएवढं, पण तळाला शेवाळलेले गोटे. उचलायला जोर लावला की गाडी जागेवर आणि पाय मागं. वीस मिनिटं अशी झोंबाझोंबी झाल्यावर बांधावरून एक आबा उतरले, वरचा प्रश्न विचारला आणि मागचं कॅरिअर धरलं. दोघांनी मिळून एका दमात उभी केली.

दोष गाडीचा नव्हता. ४११ सीसीच्या हिमालयननं मला पुण्याला, कोकणात, एकदा तर हंपीपर्यंत नेऊन आणलं, कधी कुरकुर नाही. चूक माझी. माझी उंची पाच फूट पाच इंच, वजन ६२ किलो, रविवारी फिरायचं एकट्यानं आणि तेही पायवाटांवर. त्यासाठी मी १९९ किलोची गाडी घेतली, कारण जास्त सीसी म्हणजे जास्त दम, एवढंच डोक्यात पक्कं होतं.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. हिमालयन ४११ म्हणजे २४.३ बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचं माप) आणि १९९ किलो. हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही म्हणजे १८.९ बीएचपी आणि १५८ किलो. ताकदीला वजनानं भागलं तर दोन्हीकडं उत्तर येतं किलोमागं ०.१२. म्हणजे निव्वळ ताकदीच्या हिशेबात मी काही गमावणार नव्हतो; कमी होणार होतं ते ४१ किलो वजन. आमच्याकडच्या मापात सांगायचं तर वीस लिटरचे दोन कॅन दूध. दोन वर्षं मी ते दूध डोंगरावर चढवत होतो आणि प्यायला कुणी नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत २०२२ सालची एक्सपल्स सेकंडहँड घेतली. अकरा महिन्यांत ६,२०० किलोमीटर झाले, त्यातले दोनेक हजार मातीत. नवी गाडी मुद्दाम नाही घेतली. रानात गाडी पडणारच, आणि नव्या टाकीवर पहिला पोचा पडला की दोन दिवस जेवण जात नाही.

कुठं चालवतो तेही सांगतो, कारण फोन करणारे पहिल्यांदा "कोयनेच्या जंगलात जायचं का?" असंच विचारतात. नाही. कोयना अभयारण्य १९८५ पासून संरक्षित आहे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही येतं. तिथं आपली गाडी घालायची नाही. कासच्या सड्यावरही नाही. फुलं नसताना तो नुसता कातळ वाटतो, पण मातीचा जो बोटभर थर आहे त्यातच पुढच्या वर्षीची फुलं असतात. मी फिरतो ते ठोसेघर, चाळकेवाडी, मेढा या बाजूच्या गावांमधल्या बैलगाडीच्या वाटांवर. खासगी रान असेल तर विचारून. झाडी तिथंही दाट आहे. करवंदीच्या जाळ्या, कारवीचे दांडे हँडलला घासत जातात. हँडगार्ड नसतील तर बोटं सोलतात. हिमालयनवर सोलून घेतली आहेत.

आता मुद्द्याचं. दुकानात सीटची उंची सपाट फरशीवर मोजतात. एक्सपल्सची ८२५ मिलिमीटर आहे, हिमालयन ४११ ची ८००. कागदावर माझ्यासारख्या बुटक्यासाठी हिमालयन बरी. फरशीवर तिच्यावर माझे दोन्ही तळवे जवळजवळ टेकायचे, एक्सपल्सवर चवडे टेकतात. पण रानात फरशी नसते. उतरणीच्या अंगाला पाय टाकावा तर जमीन वीतभर खाली निघते, आणि तेव्हा गाडी किती कलल्यावर तुम्ही तिला सावरू शकता हे वजनावर ठरतं. एक्सपल्स बरीच कलली तरी मी मांडीनं रेटून परत आणतो. हिमालयन तेवढी कलली की मी फक्त बाजूला उडी मारायचो. म्हणून २५ मिलिमीटर उंच असूनही हीच गाडी मला बुटकी वाटते. मात्र याच गाडीचं प्रो रूप ८९१ चं आहे. त्यावर एकदा बसून पाहिलं, शिडी मागावीशी वाटली. जमिनीपासून २७० मिलिमीटर मोकळीक, लांब सस्पेन्शन, सगळं भारी, पण सहा फुटी माणसासाठी.

पडायचं प्रमाण काही कमी झालं नाही. पहिल्या तीन महिन्यांत वहीत मांडलेली पडझड चौदा वेळा. फरक हा की चौदाही वेळा एकट्यानं उचलली. उचलायची रीत ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडं पडली असेल तर आधी साइड स्टँड खाली पाडून ठेवायचा. मग पाठ गाडीकडं करून सीटला कुल्ले टेकवायचे आणि मागं मागं चालल्यासारखं पायांनी रेटायचं. कमरेनं उचलायला गेलात तर सोमवारी हाडाच्या डॉक्टरकडं. आणि रानात जाताना टाकी फुल्ल करू नका. १३ लिटरची टाकी पूर्ण भरली तर पेट्रोलचंच वजन साडेनऊ किलो होतं, तेही सगळ्यात वरती. मी निम्मी भरतो.

इंजिनाबद्दल. १९९.६ सीसीची ही मोटर ८,५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे झाल्यावर, पूर्ण ताकद देते, टॉर्क म्हणजे पूर्ण ओढ ६,५०० ला. हायवेला चांगलं, पण दगडांतून माणसाच्या चालीनं वर चढताना एवढे आरपीएम कोण ठेवणार? मूळ गिअरिंगवर पहिला गिअरही पळता वाटायचा. अर्धा क्लच दाबून चढावं लागे आणि माथ्यावर पोहोचेस्तोवर जळका वास. गोडोलीतल्या आमच्या मिस्त्रींनी पुढचं १३ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं चक्र, काढून १२ चं बसवलं. एका दातानं ओढ आठ टक्क्यांनी वाढली. अकरा महिन्यांतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च हाच. बदल्यात हायवेला ८० च्या पुढं इंजिन ओरडतं. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागं रांगेत जायची तयारी ठेवा.

गरम होण्याचा विषयही इथंच. ऑइल कूलर आहे, पण पंखा नाही, त्याला वारा लागतो. एप्रिलमध्ये दुपारी चढावर सलग पहिल्या गिअरात रेटलं की नडग्या भाजतात. मी थांबतो, हेल्मेट काढतो, पाणी पितो. दोघांनाही विश्रांती लागते.

जून ते सप्टेंबर वेगळाच खेळ. जांभ्याची तांबडी माती भिजली की लोण्यासारखी होते, आणि गाडीसोबत आलेले टायर दहा फुटांत गुळगुळीत लाडू व्हायचे. नॉबी, म्हणजे मोठ्या गुट्ट्यांचे, टायर टाकले. रानात स्वर्ग, डांबरी रस्त्यावर पिठाच्या गिरणीसारखा आवाज. हवा रस्त्यावर मागं २९ ठेवतो, मातीत शिरताना १८ वर आणतो. एकदा जोशात १४ केली, जांभ्याच्या धारेवर ट्यूब चिमटली आणि दोन भोकं पडली. तेव्हा कळलं की गावातल्या पंक्चरवाल्याकडं २१ इंची ट्यूब नसते. आता पाठीवर एक पुढची ट्यूब कायम. अडल्यावेळी तीच मागच्या १८ इंची चाकात कोंबून घरापर्यंत येता येतं, मी आलोय.

ब्रेकचं एक. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. हायवेवाले नाक मुरडतात, पण खडीच्या उतारावर मागचं चाक मुद्दाम अडवून घसरवता येतं आणि वळण घेता येतं. उलट पुढचा ब्रेक जोरात दाबला तर खडीवर एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि गाडी आपली चाललीच. पहिल्या उतारावर माझे डोळे पांढरे झाले होते. आता पुढं दोन बोटं, तीही हळू.

घरच्यांचं मतही नोंदवायला हवं. बायको मागं बसून एकदाच सज्जनगडला आली. उतरल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी एसटीनं जाऊ." जोडीनं लांब फिरायचं असेल तर ही गाडी घेऊ नका.

आणि एवढं सगळं करून माझी जिरवली कुणी, तर दूधवाल्यानं. ऑगस्टमध्ये ठोसेघरकडच्या एका चढावर मी नॉबी टायर, गुडघ्याला गार्ड, असा जामानिमा करून तिसऱ्या प्रयत्नाला लागलो होतो. तो स्प्लेंडरवर दोन्ही बाजूंना कॅन लावून, पायात स्लिपर, डोक्यावर खोळ, फट् फट् करत वर गेला. वर थांबून म्हणाला, "दादा, डाव्या अंगानं घ्या, उजवीकडं निसरतंय." स्प्लेंडर ११२ किलोची. चाळीस लिटर दूध आणि कॅन धरले तर भरलेली स्प्लेंडर माझ्या रिकाम्या गाडीएवढी भरते. ९७ सीसी, आणि वाट रोजची पाठ. परदेशात जंगलातल्या शर्यतीच्या एन्ड्युरो गाड्या १०० ते ११० किलोच्या असतात, हे वाचून मला आता नवल वाटत नाही. त्या मानानं माझीही गाडी जाडच. कावासाकीची केएलएक्स २३० आहे १३९ किलोची, पण सीट ८८० मिलिमीटर. माझ्या पायांचा प्रश्न तिथं परत उभा राहतो, म्हणजे उभा राहत नाही हाच प्रश्न.

शेजारच्या पोराला हिमालयन ४५० हवी आहे. १९६ किलो, ४० पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप), त्याला लडाखलाही जायचंय आणि माझ्यासोबत रविवारी रानातही. मी त्याला नाही म्हटलं नाही. मित्राची ४५० मागून आणायला सांगितली, गार्ड लावलेली. आमच्या शेताच्या कडेला गवतावर आडवी केली आणि म्हटलं, पाच वेळा उचल. दोनदा झपाट्यात उचलली. तिसऱ्यांदा अर्ध्यावर आणली, परत हळूच खाली ठेवली आणि तिथंच बांधावर बसला.

"काका, आधी चहा सांगा."