बेळगाव कोर्टासमोरचे टायपिंगवाले काका

बेळगावात कोर्टाबाहेर झेरॉक्स-टायपिंगची दुकानं पुष्कळ. मी सांगतेय ते जिन्याखालचं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. तिथले काका कोर्टाचे कागद वाचून त्यातल्या लॅटिन शब्दांचा अर्थ मराठीत लिहून देतात. पानाला २० रुपये.

खानापूरकडच्या आमच्या शेताच्या वाटणीचा दावा होता. समन्स गेलं गावातल्या बंद घरावर, आम्ही राहतो टिळकवाडीत. हुकूमनाम्याची प्रत चुलत्यांकडून मिळाली तेव्हाच आम्हाला सगळं कळलं. 'एक्स पार्टे' वाचून बाबांनी शेत गेलंच असं धरलं आणि कागद देव्हाऱ्यात ठेवून दिला. १२ दिवस तो तिथेच.

काकांनी भिंग लावून ओळ शोधली, शब्दाखाली पेन्सिलीने लिहिलं, 'एकतर्फी. एकाच बाजूचं ऐकून.' म्हणाले, "बाई, तुमचं अजून कुणी ऐकलेलंच नाही. आजच वकिलाकडे जावा, मुदतीचं विचारा." वकिलांनी सांगितलं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९, नियम १३ खाली असा हुकूमनामा रद्द करून मागता येतो. मुदत ३० दिवसांची, पण समन्स रीतसर बजावलं नसेल तर दिवस कळल्यापासून मोजतात. आमचा अर्ज १९व्या दिवशी दाखल झाला.

पुढच्या खेपेला 'लिस पेंडेन्स' कळलं. दावा चालू असताना जमीन विकली, तरी घेणाऱ्यालाही निकाल लागू होतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. शेत बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला बाबांनी हे स्वतः समजावलं. 'सब ज्युडिस' मात्र विचारावा लागला नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. 'न्यायप्रविष्ट' ऐकत आमच्याकडची एक पिढी मोठी झाली.

'म्युटॅटिस म्युटँडिस'ला काका अडले. अंदाजाने काही सांगितलं नाही, उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी 'आवश्यक ते बदल करून' असं चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, त्याचे पैसेही घेतले नाहीत. याच गोष्टीमुळे माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

दुपारी दीड ते तीन दुकान बंद असतं. बसायला बाक नाही, वयस्कर माणूस सोबत असेल तर सकाळीच जावा. आणि पेन्सिलीचं लिहिलेलं घडीवर पुसतं, घरी आल्या आल्या पेनाने गिरवून ठेवा.